आपलाच बॉल परत येतो

पिंपल रबरवाल्याशी हरून आलेलं मूल मला लांबून ओळखू येतं. ते समोरच्याकडे बघत नाही, स्वतःच्या बॅटकडे बघतं. रबरावरून तळहात फिरवतं, फुंकर मारतं, पुन्हा पुसतं. पॉइंट गेले ते आपल्याच रबराला काहीतरी झालं म्हणून, असं त्याला मनापासून वाटत असतं. एरवी हरलं की मुलं कारण सांगतात. 'तो फार फास्ट होता', 'त्याची सर्व्हिसच कळली नाही'. इथे त्यांना कारण सापडत नाही, कारण समोरचा काही करताना दिसलेलाच नसतो. तो टेबलाला चिकटून उभा होता, बॅट पुढे धरत होता, आणि यांचे बॉल एक तर नेटमध्ये जात होते नाहीतर टेबलाबाहेर.

मी ठाण्यात टेबल टेनिस शिकवतो. माझ्या किटमध्ये दोन बॅटी असतात. एक नेहमीची, दोन्ही बाजूंना गुळगुळीत रबर असलेली. दुसरीच्या काळ्या बाजूला लाँग पिंपल आहे, खाली स्पंज नाही, रबर थेट लाकडावर चिकटवलेलं. संध्याकाळच्या बॅचचा शेवटचा तास मी ही दुसरी बॅट घेऊन एका टेबलाशी उभा राहतो आणि मुलं आळीपाळीनं समोर येतात. माझ्या सगळ्या कामात मला हा तास जास्त मोलाचा वाटतो. जिल्हा स्पर्धेत पहिल्यांदा पिंपल दिसावं आणि तिथेच मुलाचा धीर सुटावा, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की ते हॉलमध्येच, ओळखीच्या माणसाच्या हातून, रोज थोडं थोडं सोसून झालेलं बरं असं माझं ठाम मत झालं आहे.

हे रबर मी आधी मुलांच्या हातात देतो. रबराच्या प्रत्येक पानाला एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसऱ्या बाजूला बारीक दाणे असतात. आपल्या नेहमीच्या बॅटवर हे दाणे आत, स्पंजाकडे तोंड करून असतात. पिंपल रबरात तेच पान उलटं लावलेलं, दाणे बाहेर. नियमानुसार एका चौरस सेंटिमीटरमध्ये कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 30 दाणे असावे लागतात. मुलं अंगठा फिरवून बघतात. आखूड, रुंद दाणे वाकत नाहीत, ते शॉर्ट पिंपल. उंच, सडपातळ दाणे अंगठ्याखाली लोळतात, ते लाँग. दोन्हींच्या मधलेही प्रकार आहेत. अंगठ्याला जे कळतं ते पुढे बॉलचं काय होणार याची बरीचशी कल्पना देतं.

मुलानं टॉपस्पिन मारला की बॉल पुढच्या दिशेनं गरगरत माझ्याकडे येतो. गुळगुळीत रबर तो बॉल पकडतं, त्याची फिरकी मोडतं आणि स्वतःची नवी फिरकी त्याला देतं. लाँग पिंपल पकडत नाही. वाऱ्याखाली भाताची रोपं झुकावीत तसे दाणे बॉलखाली झुकतात, बॉल त्यांच्यावरून घसरतो आणि त्याची गिरकी बऱ्याच अंशी होती त्याच दिशेनं चालू राहते. उलटते ती फक्त प्रवासाची दिशा. त्यामुळे जाताना जो टॉपस्पिन होता, तो मुलाकडे परत येताना बॅकस्पिन झालेला असतो. आमच्या हॉलच्या भाषेत, कट. टॉपस्पिन जितका जोरदार, तितका परत येणारा कट जड. मुलानं कट करून पुश केला, म्हणजे बॉल खालून कापत हलकेच ढकलला, तर उलट घडतं. परत येणाऱ्या बॉलमध्ये कट नसतो, थोडा टॉपस्पिन असतो किंवा काहीच नसतं. आणि फिरकी नसलेला, म्हणजे डेड बॉल पाठवला, तर डेडच परत येतो.

कागदावर हे पाच मिनिटांत समजतं. सातवीतल्या मुलीलाही समजतं, तिनं मला ते बाणांच्या आकृत्या काढून समजावूनही दिलं. टेबलाशी मात्र तिचाच हात ऐकत नाही, आणि त्याला कारण आहे. पहिल्या दिवसापासून आम्ही प्रशिक्षक मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट घालतो: समोरच्याची बॅट बघ. बॅट वरून खाली आली तर कट येणार, खालून वर गेली तर टॉपस्पिन. वर्षानुवर्षं रोज हजारो बॉल खेळून ही नजर पक्की होते, विचार न करता हात त्याप्रमाणे बॅटचा कोन बदलतो. लाँग पिंपलसमोर हीच कमावलेली नजर दगा देते. मी बॅट वरून खाली आणतो, मुलगी ते पाहून कट येणार असं धरते, बॅट उघडून पुश करते, आणि बॉल कपाळाइतका उंच उठतो. कारण त्याआधी तिनं पुश पाठवला होता आणि माझ्या पिंपलनं त्यातला कट तसाच परत केला होता, उलट्या तोंडानं. माझा हात खाली आला याला फारसा अर्थ नव्हता. तिनं मागच्या बॉलला काय केलं, त्याला होता.

म्हणूनच मल्टिबॉलवर हे शिकवता येत नाही. मल्टिबॉलमध्ये मी टोपलीतून बॉल उचलून एकामागून एक देत जातो. फूटवर्कसाठी, एखादा फटका घोटून घेण्यासाठी त्यासारखं दुसरं काही नाही. पण तिथला प्रत्येक बॉल नवा असतो, त्याला मागचा इतिहास नसतो. रोबोट मशीनचंही तेच. पिंपलसमोर तर येणारा बॉल हा मुलाच्याच मागच्या फटक्याचं पुढचं रूप असतो. जिवंत रॅली लागते, आणि समोर पिंपल घेऊन उभं राहणारा माणूस लागतो. म्हणून मी उभा राहतो.

आमच्याकडे त्यासाठी एक पद्धत रुजली आहे. मुलानं खेळताना बोलायचं. बॉल मारताक्षणी आपण काय पाठवलं ते मोठ्यानं सांगायचं: 'कट', 'टॉप', 'डेड'. सुरुवातीला मुलं लाजतात, शेजारच्या टेबलावरची हसतात. पण बोलल्याशिवाय मी पुढचा बॉल देत नाही. हे जमलं की शब्द बदलतात. आता काय पाठवलं ते सांगायचं नाही, काय येणार ते सांगायचं. टॉप मारला की 'कट', कट पाठवला की 'वर'. तोंडानं म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात किंवा बॅट आपोआप मिटते, हे मी अनेक मुलांत पाहिलं आहे. आणि एक गोष्ट हमखास दिसते: ज्या बॉलला मुलानं शब्द गिळला, तोच बॉल चुकतो. रॅली जरा वेगानं झाली, मी अचानक फोरहँडला ढकलला, की आवाज बंद होतो आणि पुढचा बॉल नेटमध्ये. पुढे हे बोलणं मनातल्या मनात सुरू राहतं. ओठ हलताना दिसतात, तेवढं पुरे.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो दुसऱ्या बॉलवर. पिंपलला पुश दिला, परत आलेला सोपा बॉल मुलानं झकास टॉपस्पिननं मारला. पहिला बॉल टेबलावर पडतो, आई-वडील टाळ्या वाजवतात. तो मी नुसता ब्लॉक करतो, आणि त्याच जोशात मारलेला दुसरा टॉपस्पिन नेटच्या तळाशी जातो. पहिल्या फटक्यानं स्वतःसाठीच जड कट तयार करून ठेवलेला असतो. त्या दुसऱ्या बॉलला दोनच मार्ग. एक तर शांतपणे पुश करून पुन्हा सुरुवात करायची. नाहीतर गुडघ्यातून खाली जाऊन, मांड्यांचा जोर वापरून, बॉल खालून वर हळुवार उचलायचा. मुलांना दोन्ही नको असतात. पुश करणं त्यांना माघार वाटते आणि हळू मारणं कमीपणाचं. माझा घसा दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा 'दुसरा बॉल!' या दोन शब्दांवर बसतो.

वेग आणि फिरकी यांतला फरकही इथेच कळतो. खूप फिरकीचा संथ टॉपस्पिन, म्हणजे लूप, हे एरवी मुलांचं लाडकं हत्यार. लाँग पिंपलवाल्याला तो मेजवानीसारखा, कारण त्याला परत करायला भरपूर फिरकी आयती मिळते. त्यापेक्षा कमी फिरकीचा, सपाट, टेबलाच्या शेवटच्या रेषेजवळ पडणारा बॉल त्याला जास्त अडचणीत टाकतो. त्याहून अडचणीचा म्हणजे लांब डेड बॉल. हे मी स्वतः पिंपल हातात धरूनच सांगतो. डेड बॉल आला की माझ्याकडे परत करायला काहीच नसतं. स्पंज नाही, त्यामुळे वेग नाही. दाणे पकडत नाहीत, त्यामुळे फिरकी नाही. जे काही करायचं ते मनगटानं आणि जागा निवडून, आणि जरा चुकलं की बॉल उंच उठून मुलाच्या फोरहँडसमोर तरंगतो. जड लूप ब्लॉक करताना मुठीची पकड सैल ठेवून बॅट कणभर मागे घ्यावी लागते, नाहीतर बॉल टेबलापलीकडे निघून जातो. त्यातच बॅट खाली खेचली तर कट आणखी वाढतो, पण खेचण्याची वेळ अचूक साधावी लागते. 'तो काही करतच नव्हता' असं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला मी माझी दुसरी बॅट देऊन उभं करतो. पुढे ते मूल तसं म्हणत नाही.

या रबराच्या खेळाचा खरा आनंद आमच्या हॉलमध्ये रात्री आठनंतर मिळतो. तेव्हा मोठ्यांची वेळ सुरू होते आणि एक काका येतात. बँकेतून निवृत्त झालेले, गुडघ्याला नी-कॅप, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बॅकहँडला लाँग पिंपल, फोरहँडला जुनं गुळगुळीत रबर. ते टेबलापासून एक पाऊलही मागे जात नाहीत, आणि राज्य स्पर्धा खेळणाऱ्या पोरांना तीन गेममध्ये घरी पाठवतात. बॉल उसळला की लगेच, वर चढत असतानाच ते बॅट लावतात, त्यामुळे पोरांना सावरायला वेळच उरत नाही. त्यांची जागेची निवड मी तासन्‌तास बघू शकतो. दोन बॉल बॅकहँडच्या कोपऱ्यात, तिसरा थेट कोपरावर. मध्येच बॅट हातातल्या हातात फिरवतात आणि त्याच बॅकहँडनं गुळगुळीत रबराचा पुश देतात. पोराला वाटतं, वर येणार. येतो खणखणीत कट.

एकदा मी त्यांना विचारलं, "काका, पोरगं डेड बॉल द्यायला लागलं की तुम्ही काय करता?"

"अहो सर, ज्या दिवशी ते पोरगं पन्नास बॉल न चिडता डेड देईल ना, त्या दिवशी मी हरेन. चिडतंच ते."

त्यांच्याशी खेळायला मी मुलांना मुद्दाम थांबवतो. बॅट फिरवली तर काय बघायचं, हेही तिथेच कळतं. रंग बघायचा. आणि कान उघडे ठेवायचे: स्पंज असलेल्या गुळगुळीत रबराचा आवाज भरीव येतो, स्पंज नसलेल्या पिंपलचा कोरडा, लाकडी. गर्दीच्या हॉलमध्ये आठ टेबलं चालू असताना कान कामाला येत नाहीत, तेव्हा रंगच. सामन्याआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघण्याचा हक्क नियमानं दिला आहे, पण आमची मुलं भिडेखातर नुसती नजर टाकतात आणि परत करतात. मी त्यांना सांगतो, अंगठा फिरवा. दाणे लांब की आखूड, मऊ की कडक, खाली स्पंज आहे की नाही. काळ्या बाजूला पिंपल आहे की लाल, हे मनात दोनदा म्हणा. आता तर 2021 पासून एक बाजू काळी ठेवून दुसरीला गुलाबी, निळा, हिरवा, जांभळा असे रंगही चालतात, त्यामुळे गृहीत काहीच धरू नका.

पालक मात्र हॉलबाहेर मला गाठून हळू आवाजात विचारतात, "सर, ते रबर चालतं का हो? ही फसवणूक नाही का?" मी त्यांना दर वेळी पूर्ण उत्तर देतो, कारण अर्धवट उत्तरानं ती शंका मुलापर्यंत पोहोचते, आणि ज्याला आपण फसवलो गेलो असं वाटतं ते मूल शिकणं थांबवतं.

फसवणुकीचा काळ होता, आणि तो नियमांनी संपवला. एके काळी बॅटीच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असत. एकीकडे पिंपल, दुसरीकडे गुळगुळीत, आणि टेबलाखाली बॅट फिरवली की समोरच्याला कशानं मारलं ते कळायचा मार्ग नव्हता. 1980 च्या दशकात लाल आणि काळा हे दोन वेगळे रंग सक्तीचे झाले. दाण्यांची उंची जाडीच्या किती पट असावी यावर मर्यादा आली. 2008 मध्ये, घर्षण जवळजवळ नसलेल्या रबरांवर बंदी आली. ती रबरं फिरकी जवळपास पूर्णपणे उलटवत. 2000 मध्ये बॉल 38 मिलिमीटरचा 40 झाला आणि 2014 पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिकचा आला. दोन्ही वेळा बॉलची फिरकी कमी झाली, म्हणजे पिंपलला उलटवायला मिळणारा मालही. आज जे रबर स्पर्धेत दिसतं ते आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्य यादीत असावं लागतं. ते उन्हात वाळवून किंवा काही लावून जास्त निसरडं करणं नियमाबाहेर आहे. एवढं सगळं काढून घेतल्यावर जे उरलं आहे, ते मला निखळ कौशल्य वाटतं.

आणि मुळात आधी कोण आलं, हेही पालकांना ऐकवतो. दाणे बाहेर असलेलं, स्पंज नसलेलं रबर हीच कित्येक दशकं टेबल टेनिसची नेहमीची बॅट होती. ती घडी मोडायला सुरुवात झाली ती आपल्या मुंबईत. 1952 मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईला झाली, आशियातली पहिली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला. त्या बॅटीला आवाज जवळजवळ नव्हता, आणि टकटक आवाजावर खेळ वाचणारे कसलेले खेळाडू तिच्यासमोर गोंधळले. सातो पुरुष एकेरीचा विजेता होऊन परतला. तेव्हा स्पंज हेच विचित्र आणि अन्यायाचं वाटत होतं. रबराच्या जाडीवर मर्यादा 1959 मध्ये आल्या: नुसतं पिंपल रबर 2 मिलिमीटर, स्पंजासकट 4. त्या आजही तशाच आहेत.

एक गोष्ट मात्र मला खरोखर सलते. आपल्या मुली जिंकल्या की 'पिंपलमुळे जिंकली' असं सहज म्हटलं जातं. मनिका बत्रानं 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सांघिक आणि एकेरी अशा दोन्ही सामन्यांत हरवलं आणि महिला एकेरीचं सुवर्ण घेतलं. तिच्या बॅकहँडला लाँग पिंपल आहे, हे खरं. पण ती त्या पिंपलनं नुसता ब्लॉक करत नाही, चढून पंच मारते, बॅट फिरवून गुळगुळीत बाजू वापरते, आणि वर फोरहँडनं पॉइंट संपवते. फेंगला पिंपल नवं होतं का? तिच्यासारख्या चिनी घडणीच्या खेळाडूंनी लहानपणापासून सगळ्या तऱ्हेची रबरं सरावात पचवलेली असतात. चीनच्या डेंग यापिंगनं बॅकहँडला पिंपल लावूनच 1992 आणि 1996 च्या ऑलिंपिकमध्ये मिळून चार सुवर्णपदकं जिंकली. 2024 मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत अहिका मुखर्जीनं जागतिक क्रमवारीत अव्वल असलेल्या सुन यिंगशाला हरवलं. अहिकाच्या बॅकहँडलाही फिरकी मारून टाकणारं रबर आहे. असं रबर जगात कुणालाही दुकानातून विकत मिळतं. सुन यिंगशाला हरवता येणं मिळत नाही.

शॉर्ट पिंपलबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याचा धडा वेगळा आहे. ते फिरकी उलटवत नाही, फिरकीकडे काणाडोळा करतं. त्यावरून येणारा बॉल वेगवान, सपाट असतो आणि टेबलावर पडल्यावर अपेक्षेपेक्षा खाली राहतो. जपानची मिमा इतो बॅकहँडला तेच वापरते. त्याच्यासमोर डोक्यापेक्षा पाय जास्त लागतात: लवकर पोहोचा, बॅट थोडी उघडी ठेवा, बॉल उसळेल म्हणून थांबू नका.

बाणांच्या आकृत्या काढणारी ती सातवीतली मुलगी आता काकांशी चौथ्या-पाचव्या गेमपर्यंत झुंजते. मध्यंतरी ती म्हणाली, "सर, मलाच पिंपल लावा ना." मी या बाबतीत घाई करत नाही. लहान वयात बॅकहँडला लाँग पिंपल लावलं की त्या बाजूचा टॉपस्पिन घडायचा राहून जातो आणि पुढे तो घडवणं फार कठीण जातं. कमजोर बॅकहँड झाकायला पिंपल लावायचं, हा सल्ला पालकांना सर्रास मिळतो, तो मला पटत नाही. जिला बॉल वाचायला आवडतं, जिला रॅली लांबवण्याचा कंटाळा नाही आणि जिचा फोरहँड पॉइंट संपवू शकतो, तिलाच हे रबर शोभतं. तिच्यात पहिल्या दोन गोष्टी आहेत. फोरहँडवर काम चालू आहे.

तोवर ठरवलंय ते असं. तिच्या बॅटवर गुळगुळीतच रबर राहील. शेवटच्या तासातला थोडा वेळ ती माझी दुसरी बॅट घेईल आणि मी तिला लांब डेड बॉल देईन, चिडेपर्यंत. परवा त्यातला एक तिनं थांबून न ढकलता चढत्या बॉलवर सरळ पंच केला आणि माझ्या फोरहँडच्या कोपऱ्यातून काढला. तिच्या बाबांना मी दिवाळीनंतर भेटायला बोलावलं आहे. रबर मागवायचं की नाही ते तेव्हा, तिला शेजारी बसवूनच ठरवू.